रॅस घ्यायचा, पण कोणता? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नमस्कार दादा. मी हिंगणघाट तालुक्यातला. घरी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच रीफ टँक, म्हणजे कोरलवाली खाऱ्या पाण्याची टाकी आहे, वर्ष होऊन गेलं, पाणी छान सेट झालंय. दोन क्लाऊन मासे, एक फायरफिश, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), थोड्या गोगलगायी आणि सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) म्हणजे झोआ, मशरूम, एक लेदर. आता रॅस, म्हणजे तो सडपातळ रंगीत समुद्री मासा, टाकायचा आहे. दुकानदार म्हणते सिक्सलाइन घ्या, लहान राहते, स्वस्त आहे, किडे खाते. मित्र म्हणतो फेअरी घे. मला स्वतःला पिवळा कनेरी आवडून राहिला. कोणता घेऊ, की दोन घेऊ?

उत्तर : भाऊ, आधी सरळ सांगतो, या टाकीत सिक्सलाइन नको. दुकानदार खोटं नाही बोलून राहिला, तो मासा खरंच सात-आठ सेंटिमीटरचाच राहतो, दगडाच्या फटीफटीतले किडे वेचून खातो, आणि दिसायला तर झकासच, जांभळट अंगावर सहा नारिंगी पट्टे. पण तुमच्याकडे फायरफिश आहे, एकदम भित्रा जीव. सिक्सलाइन सुरुवातीला गुपचूप राहतो, मग एकदा का दगडांवर ताबा बसला की पूर्ण टाकी आपल्याच बापाची समजतो आणि फायरफिशला असा हुसकावत राहतो की तो बिचारा कोपऱ्यात बसून खाणंच सोडतो, नाहीतर सरळ टाकीबाहेर उडी मारतो. नंतर तुम्ही फेअरी आणला तर त्यालाही जगू देणार नाही, कारण रॅसला सगळ्यात जास्त राग येतो तो आपल्यासारख्याच अंगाच्या, आपल्यासारखंच खाणाऱ्या नव्या रॅसचा. बरं, काढतो म्हटलं तर जाळीत सापडत नाही, कोरल चिकटलेले सगळे दगड उपसून बाहेर काढावे लागतात. ज्यांच्या टाकीत दणकट मासे आहेत आणि ज्यांना पुढे दुसरा रॅस नकोच आहे त्यांनी सिक्सलाइन खुशाल ठेवावा, आणि तोही सगळे मासे टाकून झाल्यावर शेवटी. तुमचं तसं नाही.

रॅस निवडताना रंग मी शेवटी बघतो. आधी बघायचं की हा मासा रात्री झोपतो कुठे आणि दिवसा खातो कुठून. फेअरी आणि फ्लॅशर हे दोन गट दिवसभर मधल्या पाण्यात फिरतात, पाण्यातून वाहत येणारं बारीक खाणं टिपतात, कोरलला, गोगलगायीला, श्रिंपला तोंड लावत नाहीत. रात्री ते दगडाच्या कपारीत शिरतात आणि तोंडातून चिकट पदार्थ सोडून अंगाभोवती पारदर्शक पिशवी तयार करतात, त्यात झोपतात. सकाळी लाइट लागायच्या आधी टॉर्च मारून बघा, कपारीत ती पिशवी तरंगताना दिसेल, लोक घाबरतात की माशाला काही रोग झाला, तर तसं काही नसतं. कनेरी, ज्याला दुकानात यलो कोरिस पण म्हणतात, आणि त्याचा भाऊबंद मेलानुरस, हे हॅलिकोएरिस गटातले. हे दिवसभर रेती आणि दगड हुंगत फिरतात, संध्याकाळ झाली की डोकं खाली करून रेतीत घुसतात ते सकाळीच निघतात. म्हणजे कनेरीला रेती लागतेच, किमान ५ सेंटिमीटर, जमलं तर ७-८, आणि बारीक दाण्याची. कोरलचा जाड चुरा टाकला असेल तर त्याचं अंग सोलून निघतं आणि जखमेत इन्फेक्शन होतं. नदीची रेती आणून टाकू नका, वर्धेची असो की वैनगंगेची, तिचे दाणे टोकदार असतात आणि गाळही येतो, पाकिटातली बारीक अॅरागोनाइट, म्हणजे चुनखडीची रेती घ्या.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही घेऊ शकता. तुमची टाकी साधारण २५० लिटरची, फेअरी मधल्या पाण्यात आणि कनेरी खाली रेतीत, दोघांचं अंग वेगळं, झोपायची जागा वेगळी, खायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे भांडायचं कारणच कमी. फक्त रेती उथळ असेल तर एकटा फेअरी घ्या, कनेरीचा हट्ट सोडा. फेअरीतही स्वभाव सारखे नसतात. लबॉकी फेअरी शांत, ८ सेंटिमीटरच्या आसपास राहतो, तुमच्या फायरफिशसोबत चांगला जमेल. स्कॉट्स फेअरी दिसायला राजा आहे पण तापट, तो नको. एका जातीचे दोन नर कधीच नाही. आणि दुकानात मोठा, पूर्ण रंग चढलेला नर बघून पाघळू नका. रॅसमध्ये बहुतेक मासे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यातला दांडगा नर होतो, म्हणून लहान, थोडा फिका मासा घेतला तरी पुढे रंग चढायची शक्यता असते, तो प्रवास सहन करतो, टाकीतल्या बाकीच्यांशी जुळवूनही लवकर घेतो.

आणायचं ते आधी फेअरी, तो रुळला, बेधडक खायला लागला की मग कनेरी. नवा मासा एकदम सोडू नका. जेवणाच्या डब्याइतका पारदर्शक प्लास्टिक डबा घ्या, सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकानं त्याला चहूबाजूंनी छिद्रं पाडा, कडा ब्लेडनं घासून गुळगुळीत करा, धुऊन टाकीच्या काठाला आतून लटकवा आणि नवा मासा चार-पाच दिवस त्यात ठेवा. जुने मासे डब्यावर येऊन धडका देतात, फुगतात, आणि मग त्यांचा इंटरेस्ट संपतो. धडका बंद झाल्या की सोडायचं. कनेरी असेल तर त्या डब्यात वाटीभर रेती टाका, रात्री त्याला घुसायला काहीतरी पाहिजे.

कनेरीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तो चपटे किडे खातो, ब्रिसल वर्म म्हणजे केसाळ किडे खातो, शिंपल्यांना त्रास देणाऱ्या बारीक गोगलगायी खातो, हा फायदा. पण वाढला की तुमच्या लहानसहान गोगलगायी आणि बारीक खेकड्यांवरही हात मारू शकतो. मोठ्या क्लीनर श्रिंपला सहसा काही करत नाही, तरी श्रिंपनं कात टाकली की त्याचं अंग मऊ असतं, त्या दिवशी त्याला लपायला दगडात खोल जागा पाहिजे. खायला दोघांनाही मांसाहारच लागतो, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेली कोळंबी, माशांचे चांगले दाणे, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. एकदाच मूठभर टाकून चालत नाही, हे मासे सतत पोहतात आणि लवकर वाळतात, पोटाकडून खपाटी दिसला की समजायचं कमी पडून राहिलं.

आणि तुम्ही सॉफ्ट कोरलवर थांबले ते उत्तम केलं. दगडी कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या बरोबरीनं. कोणी "कोणाला काय समजते" म्हणून विकायला आला तर त्याच्या नादी लागू नका.

प्रश्न : मी आर्वीहून लिहिते. परवा कनेरी रॅस आणला, टाकीत सोडला तसा तो रेतीत घुसला आणि तेव्हापासून दिसलाच नाही. मेला असेल का? पाणी सडायच्या आधी रेती उकरून काढू का? मुलगी रडून राहिली.

उत्तर : ताई, उकरू नका. हात आतच घालू नका. नवा कनेरी दोन-चार दिवस, कधी आठवडाभरही रेतीत बसून राहतो, हे अगदी नेहमीचं आहे. तो इंडोनेशिया किंवा तिकडच्या समुद्रातून निघून, विमानानं, मग चेन्नई-मुंबईच्या व्यापाऱ्याकडे, मग गाडीनं नागपूर, मग तुमच्याकडे, इतकं फिरून आलेला असतो आणि त्याच्या अंगातलं घड्याळ अजून तिकडचंच असतं. त्याच्यासाठी सकाळ आपल्या आधी होते, म्हणून कधी कधी तो पहाटे अंधारात निघतो, थोडा फिरतो आणि आपला लाइट लागून सगळं घर उठेपर्यंत परत रेतीत जातो. तुम्ही पहाटे उठून बघा, मोठा लाइट न लावता, मोबाइलचा उजेड बाजूच्या भिंतीवर पाडून. उकरलं तर तो घाबरून अजून खोल जाईल, फावड्यानं किंवा चमच्यानं अंगही फाटेल.

मेलाच असता तर वर्षभर चाललेल्या टाकीत गोगलगायी आणि ब्रिसल वर्म त्या जागेवर जमा झाले असते. मनाच्या शांतीसाठी अमोनियाची टेस्ट करा, शून्य असेल तर स्वस्थ बसा. रोज ठरलेल्या वेळी थोडं मायसिस टाकत राहा, वासावर येतो. मुलीला सांगा तो झोपलाय, खरंच झोपलाय.

प्रश्न : दुकानात लालबुंद रॅस होता, अंगावर काळी किनार असलेले पांढरे ठिपके, बोटाएवढा. रेड कोरिस म्हणाले. ३ फुटाच्या टाकीत चालेल का? (पुसद)

उत्तर : नाही चालणार. तो लाल रंग पोराचा आहे, मोठा झाला की सगळा बदलतो आणि मासा ४० सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे तुमच्या टाकीच्या लांबीच्या जवळपास अर्धा. श्रिंप, खेकडे, गोगलगायी सगळं फोडून खातो, बारीक दगड तोंडानं उलटे करतो. मून रॅस आणि ड्रॅगन रॅसचंही असंच, लहानपणी मोहात पाडतात. दुकानात कोणताही रॅस आवडला की पहिले विचारायचं, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, आणि उत्तर "टाकीच्या हिशोबानं वाढते" असं आलं तर त्या दुकानातून मासा घेऊच नका. मासा टाकीच्या हिशोबानं वाढत नाही बाप्पा, टाकीच्या हिशोबानं मरतो.

प्रश्न : माह्या टाकीतला फेअरी रॅस रातच्याला उडी मारून मेला जी. सकाळी पाहतो तं फरशीवर वाळून पडला होता. वरतून काच हाये, फक्त मागच्या बाजूनं पाइपापुरती जागा उघडी, दोन बोटं. येवढ्याशा जागेतून कसा काय गेला? अन् उन्हाळ्यात काच ठेवावी तं पाणी तापते, काढावी तं मासा जाते. काय करू सांगजा. (ता. अकोट)

उत्तर : भाऊ, लई वाईट वाटलं वाचून. दोन बोटं म्हणजे फेअरीसाठी दरवाजाच आहे. त्याचं अंग चपटं आणि सडपातळ, आणि घाबरला की तो काचेला काच धरून वर सुटतो, तेव्हा एक सेंटिमीटरची फट पण पुरते. रॅसच्या जवळपास सगळ्या जाती उडी मारतात, हा काही तुमच्याच माशाचा दोष नव्हता.

रातच्याला काहून, तर बहुतेक वेळा लाइट एकदम जातो म्हणून. समुद्रात अंधार हळूहळू पडतो, माशाला आपली कपार शोधायला वेळ मिळतो. आपल्याकडे लोडशेडिंग झालं किंवा वादळात लाइन तुटली की भर उजेडातून एका सेकंदात काळोख, मासा मधल्या पाण्यातच अडकतो, काचेवर, दगडावर आदळतो, आणि वर जातो. म्हणून एक छोटा निळा एलईडी इन्व्हर्टरवर ठेवाच, मेन लाइट गेला तरी तो सुरू राहील असा. रोजचा लाइट बंद करतानाही आधी पांढरा, अर्ध्या तासानं निळा, आणि तोवर खोलीचा बल्ब चालू. इन्व्हर्टरवर त्या एलईडीसोबत फक्त वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) किंवा रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी टाकीत परत सोडणारा) जोडा, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) आणि हीटर नको, बॅटरी तासाभरात बसेल. बॅटरीवर चालणारा एअर पंपही जवळ असू द्या, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि रॅससारखा सतत पोहणारा मासा सगळ्यात आधी धापा टाकतो.

आता झाकण. काच काढून टाका, जाळी बसवा. खिडकीची मच्छरजाळी बनवणाऱ्याकडे टाकीच्या मापाची फ्रेम करून घ्या, त्यात पारदर्शक नायलॉनची जाळी, भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. मच्छरदाणीची अगदी बारीक जाळी पण चालते, मात्र तिच्यावर मीठ साचतं आणि उजेड अडतो, ती आठवड्याला धुवावी लागेल. लाइटच्या पट्ट्यांची चौकोनी प्लास्टिक जाळी, एगक्रेट, ती एकटी वापरू नका, तिच्या भोकातून सडपातळ रॅस आरामात निघतो. लोखंडी किंवा पितळी जाळी तर अजिबात नको, गंज आणि तांबं पाण्यात उतरतं, आणि तांबं श्रिंपला, कोरलला विष आहे. मागची पाइपाची जागा तशीच सोडू नका. जाळी पाइपाभोवती गोल कापा, उरलेल्या फटीत फिल्टरचा स्पंज घट्ट कोंबा, मग चारही कोपऱ्यांवर करंगळी फिरवून बघा, करंगळीचं टोक शिरलं तर अजून काम बाकी आहे.

जाळीचा दुसरा फायदा म्हणजे पाणी थंड राहतं. अकोल्याकडची मेची हवा कोरडी असते, पाण्यावरून तिरपा एक छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनानं २ ते ४ अंश सहज उतरतात. रॅसला २५ ते २७ अंश पाहिजे, २८ पर्यंत चालून जातं, ३० च्या वर गेलं की धोका. खोलीत कूलर लावला असेल तर हवेत ओल वाढते आणि पंख्याचा परिणाम कमी होतो, पावसाळ्यात तर फारच कमी. खोलीच ३८-४० ला जात असेल, म्हणजे वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली टाकी असेल, तर पंख्याच्या भरवशावर राहू नका, टाकी खाली मधल्या खोलीत आणा नाहीतर चिलरचं बजेट ठेवा. पंख्यानं पाणी रोज काही लिटर उडेल, ते भरताना फक्त गोडं आरओचं पाणी, कारण पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं. घनता १.०२५ वर आहे ना, हे उन्हाळ्यात रोज बघायचं. हे सगळं झाल्याशिवाय दुसरा रॅस आणू नका, आणि शक्यतो मे महिन्यात तर मागवूच नका, तापलेल्या प्लॅटफॉर्मवर पडलेल्या थर्माकोलच्या डब्यात मासा शिजतो.

प्रश्न : टँग माशाला पांढरे ठिपके आले. दुकानदार म्हणतात क्लीनर रॅस टाका, साफ करून टाकेल. टाकू का? (गोंदिया)

उत्तर : नको. समुद्रात क्लीनर रॅस माशांच्या अंगावरचे बारीक परजीवी आणि चिकट थर खातो, पण पांढऱ्या ठिपक्याचा किडा कातडीच्या आत बसलेला असतो, तो त्याला काढता येत नाही. तुमचा टँग बरा होणार नाही आणि वरून क्लीनरलाच ठिपके येतील. शिवाय पाच-सहा माशांच्या टाकीत त्याचं पोट भरत नाही, काही थोडे सोडले तर घरगुती टाकीत ते हळूहळू उपाशी मरतात. ऑस्ट्रेलियात लिझार्ड बेटाजवळ काही रीफवरून हे मासे आठ वर्षांहून जास्त काळ काढून पाहिले, तिथे बाकीच्या माशांची संख्या पण घटली आणि जातीही. म्हणजे ते जिथे आहेत तिथे त्यांचं लई मोठं काम आहे, ते तिथेच असू द्यावेत.

टँगला आणि सोबतच्या सगळ्या माशांना वेगळ्या टाकीत हलवून तांब्याच्या औषधाचा पूर्ण कोर्स करा, टेस्ट किटनं रोज मोजून. रीफ टाकीत ते औषध एक थेंबही नको. रीफ टाकी दोन-अडीच महिने बिनमाशाची राहिली की किड्याला अंगच मिळत नाही आणि तो संपतो. सोबत रेतीत झोपणारा रॅस असेल तर औषधाच्या टाकीत त्याच्यासाठी एका ट्रेमध्ये सिलिका रेती द्या, अॅरागोनाइट देऊ नका, ती तांबं शोषते आणि डोस बिघडतो. लेपर्ड रॅस असेल तर त्याला तांबं फार सोसत नाही, त्याच्या बाबतीत जपून. साफसफाई करणारा कोणी पाहिजेच असेल तर पुढे क्लीनर श्रिंप किंवा निऑन गोबी मासा ठेवा.

प्रश्न : आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी तसंही खारटच, टीडीएस, म्हणजे लिटरमधले विरघळलेले क्षार, २००० मिलिग्रॅम दाखवते. त्यात थोडं मीठ वाढवलं तर रीफ टँक होईल का? नाहीतर आरओ कॅनचं पाणी चालेल का? मला २ फुटी टाकी करून त्यात एक छोटा रॅस ठेवायचा आहे.

उत्तर : बोअरचं पाणी नाही चालणार भाऊ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तुमच्या बोअरमध्ये २ ग्रॅम, आणि मुद्दा नुसत्या खारटपणाचा नाहीच. समुद्रात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचं एकमेकांशी ठरलेलं प्रमाण असतं, लिटरला मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ४०० च्या वर. पूर्णेच्या खोऱ्यातल्या भूजलात तसं प्रमाण नसतं, शेतीच्या खताचं नायट्रेटही त्यात उतरलेलं असू शकतं. किराणा दुकानातलं जाडं मीठही नाही, त्यात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. असे प्रश्न लोणारच्या पाण्याबद्दलही येतात, तर त्या सरोवराचा पीएच १० च्या आसपास, रीफला ८.१ ते ८.४ लागतो. रीफसाठी तयार मिळणारं सी सॉल्ट, १०० लिटरला साडेतीन-पावणेचार किलो, आणि शून्य टीडीएसचं पाणी, याला पर्याय नाही.

आरओ कॅनमध्ये टीडीएस मीटर बुडवून बघा, सहसा ५० ते १०० येईल, घरच्या फिल्टरचंही तेच, चवीसाठी त्यात थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. ते कॅनचं पाणी डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांच्या) नळकांड्यातून काढलं की शून्यावर येतं. बोअरपासून सुरुवात केली तर आरओच्या मेम्ब्रेननंतरही (गाळणाऱ्या पडद्यानंतरही) बरंच शिल्लक राहतं आणि रेझिन लवकर संपतं, म्हणून तुमच्या गावात कॅन अधिक रेझिन हाच स्वस्तातला मार्ग.

आता रॅस. २ फुटी टाकीत, म्हणजे ७० लिटरच्या आसपास, फेअरी नाही, कनेरी नाही, सिक्सलाइन तर नाहीच. चालतील असे दोनच, पॉसम रॅस आणि पिंक स्ट्रीक्ड रॅस, दोन्ही सहा-सात सेंटिमीटरचे, लाजरे, दगडांच्या आडोशानं हळूहळू फिरणारे, शांत सोबत्यांमध्ये सुखानं राहणारे. आपल्याकडे क्वचित येतात, व्यापाऱ्याला सांगून ठेवावं लागतं. ते दगडावरचे बारीक जीव टिपत जगतात, म्हणून नव्या टाकीत तग धरत नाहीत. आधी पाणी तयार करा, दगड पिकू द्या, सहा-आठ महिन्यांनी रात्री टॉर्च मारली की काचेवर पॉड, म्हणजे पांढरे बारीक जीव, पळताना दिसले पाहिजेत. ते दिसले की मग व्यापाऱ्याला फोन करा.